आधी फ्यूज, मग गाणी

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. सर्किटच्या चुका मात्र जरूर दाखवा!

दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे नाशिकला गेले होते. मामाची टुरिस्ट गाडी आहे. त्याने तीत नुकताच ॲम्प्लिफायर आणि चार स्पीकर बसवून घेतले होते. तक्रारी दोन. इंजिन चालू केलं की स्पीकरमधून शिट्टी यायची, आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती चढायची. शिवाय खड्डा आला की आवाज गुल आणि ॲम्प्लिफायरवर लाल दिवा. मामा म्हणाला, "तू इंजिनिअर ना गं? बघ जरा. उद्या पहाटे शिर्डीचं भाडं आहे."

हत्यार एकच, साधं मल्टिमीटर.

१) लाल दिवा : म्हणजे प्रोटेक्शन. ॲम्प्लिफायर बंद करून त्याच्याकडची स्पीकरची टोकं सोडवली. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३ ते ४ च्या मध्ये दिसतो, कारण मीटर फक्त कॉइलचा डीसी रेझिस्टन्स मोजतं. चारही ठीक निघाले. मग प्रत्येक वायर आणि गाडीची बॉडी यांच्यात मोजलं. तिथे ओपन यायला हवं. मागचं डावं दार हलवलं की शून्य! वायर रबरी नळीतून न नेता पत्र्याच्या भोकातून ओढली होती. कडेने इन्सुलेशन कापलं होतं.

२) शिट्टी : ही अल्टरनेटरची. अर्थची वायर सीटच्या बोल्टला, रंगावरच आवळलेली. इथे ओहममध्ये मोजून उपयोग नाही. समजा सांधा फक्त ०.०४ ओहमचा आहे; साधं मीटर "सगळं ठीक" म्हणेल. पण २० अँपिअर गेले की ०.८ व्होल्ट तिथेच पडतात. मग स्टिरिओ आणि ॲम्प्लिफायर यांचे अर्थ वेगळ्या पातळीवर जातात आणि हा फरक सिग्नलच्या केबलमधून आवाजात घुसतो. म्हणून गाणं मोठं लावून बॅटरीचं निगेटिव्ह ते ॲम्प्लिफायरचा अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजायचा. मी रंग खरवडून अर्थ थेट पत्र्यावर घट्ट बसवला आणि सिग्नलची केबल पॉवरच्या वायरपासून लांब नेली. शिट्टी गेली.

३) जे आधी बघायला हवं होतं : पॉवरची वायर बॅटरीपर्यंत तपासली आणि माझे हातपाय गार पडले. बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. मामा म्हणाला, "ॲम्प्लिफायरला आहे की!" तो ॲम्प्लिफायरला वाचवतो, अलीकडच्या वायरला नाही. ती वायर कुठे घासून बॉडीला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते. वायर लाल होते आणि गाडी पेटू शकते. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच, आणि तो वॉट बघून नाही, वायर किती करंट सोसते ते बघून निवडायचा.

रात्री दुकानं बंद. मी बॅटरीकडचं टोक काढून टेप गुंडाळला. मामा घुश्शात, "पॅसेंजरना काय भजनं म्हणून दाखवू?" गाडी शिर्डीला मुकाट्याने गेली आणि सुखरूप आली. दुसऱ्या दिवशी फ्यूज बसला, मामाचा राग उतरला.

ता. क. : हॉस्टेलमध्ये हीटर चालावा म्हणून फ्यूजमध्ये जाड तार घालणाऱ्या महाभागांनी तिसरा मुद्दा पुन्हा वाचावा!