बाटलीवरचा आकडा आधी वाचा

आमच्या बोअरच्या पाण्याची कठिणता लिटरला ६६० मिलिग्रॅम. एका खासगी तपासणीवाल्याने असा छापील रिपोर्ट हातात ठेवला, सोबत सॉफ्टनरचं कोटेशनही. पाण्याची दुसरी सोय नसेल तरी भारतीय मानकाची मर्यादा ६००, म्हणजे पाणी बाद! आमचं तेल्हारा पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतं. इथला माणूस पाण्यापायी आधीच धास्तावलेला असतो. तो मुकाट्याने सही करतो.

मी केली नाही. अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला. कठिणता मोजायला वापरलेलं ईडीटीएचं द्रावण कसं केलं, ते विचारलं. “०.०१ मोलर. लिटरला २.९२ ग्रॅम.” मी बाटली मागितली. लेबलवर स्वच्छ छापलेलं होतं: डायसोडियम सॉल्ट, डायहायड्रेट, ३७२.२४. हा गडी हिशेब करत होता नुसत्या आम्लाच्या २९२.२४ ने. बोट ठेवून दाखवलं, तर म्हणतो, “सर, इतकं कोणी पाहत नाही. बारावीचं पुस्तक इथं चालत नाही.”

पुस्तकच चालतं! २.९२ ला ३७२.२४ ने भागा, ०.००७८४ मोलर येतं. द्रावण पातळ, म्हणून रंग लालचा निळा व्हायला ५० मिली पाण्याला ३३ मिली लागले. खऱ्या संहतीने तीच कठिणता ५१८ भरते, मर्यादेच्या आत. त्याने चूक मानली नाहीच, वर माझ्या हातातली बाटली ओढून घेतली. याचा राग अजून जात नाही. शिवाय तो गळ्यात मारत होता तो सॉफ्टनर कॅल्शियम काढून पाण्यात सोडियम सोडतो, आणि आमच्या जमिनी सोडियमनेच चिबडल्यात.

मुलांनो, रेणुसूत्रातलं पाणी सोडू नका. स्फटिकी ऑक्झॅलिक आम्ल १२६.०७ धरायचं, ९०.०३ नाही. निळं मोरचूद २४९.७, १५९.६ नाही. ग्रॅमला रेणुवस्तुमानाने भागा, मग लिटरने. पदार्थ लिटरभर पाण्यात टाकू नका. थोड्या पाण्यात विरघळवून मेजरिंग फ्लास्क खुणेपर्यंत भरा. काटा स्वच्छ ठेवा, नोंदी ठेवा.

आणि ईडीटीए प्रमाणित केल्याशिवाय वापरू नका. एक ग्रॅम शुद्ध, कोरडं कॅल्शियम कार्बोनेट सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून लिटरभर करा. त्याच्या १० मिलीला ईडीटीए १० मिलीच लागलं पाहिजे. त्या माणसाच्या द्रावणाला पावणेतेरा लागले असते, आणि चूक तिथेच उघडी पडली असती.

रिपोर्ट घेणाऱ्यांनी एवढंच विचारावं: द्रावण कशावर प्रमाणित केलं, कोणत्या तारखेला? उत्तर मिळालं नाही तर पैसे देऊ नका.