कानातली प्रत्येक गोष्ट मळ नसते : कर्णनलिकेतील चरबीची गाठ

कानाला दडा बसला की घरात लगेच काय म्हणतात? "मळ साचला असेल!" बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण क्वचित एखाद्याच्या कानात चरबीची गाठ निघते. तिला लायपोमा म्हणतात. आज तिची ओळख करून घेऊ.

लायपोमा म्हणजे चरबीच्या पेशींची मऊ गाठ. ती कर्करोगाची नसते आणि सावकाश वाढते. मान, पाठ, खांदा इथे ती नेहमी आढळते. मग कानातच दुर्मीळ का? उत्तर कानाच्या रचनेत आहे. मोठ्या माणसाची बाह्य कर्णनलिका साधारण २.५ सेंमी लांब असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, तर आतला दोन तृतीयांश हाडाचा. हाडावरची त्वचा अगदी पातळ. तिच्याखाली चरबी जवळजवळ नसतेच. जिथे चरबीच कमी, तिथे तिची गाठ कुठून होणार?

आता एक प्रयोग करा. एका कानाचं तोंड बोटाने हलकेच बंद करा आणि ओठ मिटून गुणगुणा. आवाज कुठल्या कानात मोठा वाटतो? बंद केलेल्या! गाठीने नळी बुजली की असंच होतं. बाहेरचं कमी ऐकू येतं, स्वतःचा आवाज मात्र घुमतो. डॉक्टर कपाळावर नादकाटा टेकवून हेच तपासतात. अडथळा फक्त नळीत असेल, तर गाठ काढल्यावर ऐकणं सुधारतं.

निदान कसं करतात? आधी ऑटोस्कोपने कान बघतात. सीटी स्कॅनमध्ये चरबी पाण्यापेक्षा काळसर दिसते, त्यावरून अंदाज येतो. पण खात्री होते ती काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच. कारण कानातली प्रत्येक गाठ निरुपद्रवी नसते, आणि नुसत्या डोळ्यांना ते ओळखता येत नाही.

म्हणूनच मळ समजून कानात काडी, पिन किंवा केसांचा आकडा घालू नका. गाठ तर निघत नाहीच; उलट जखम होते, पडदाही फाटू शकतो. दडा सुटत नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. कानातून रक्त किंवा पू येत असेल, सतत दुखत असेल, तर अजिबात थांबू नका.

लक्षात ठेवा : आधी बघणं, मग काढणं. आणि हे दोन्ही डॉक्टरांनीच करायचं!