मुसळधार पाऊस नेमका कोठे पडेल?

‘वेधशाळेने मुसळधार पावसाचा इशारा दिला म्हणून छत्री घेऊन निघालो, तर दिवसभर लख्ख ऊन!’ अशी तक्रार तुम्ही ऐकली असेल. कदाचित केलीही असेल. अंदाजाची थट्टा करणे सोपे असते. पण ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीप्रमाणे पुढच्या इशाऱ्याकडे कोणी लक्षच दिले नाही आणि नेमका तोच खरा ठरला, तर? म्हणून हवामानखाते इशारा देताना काय सांगते आणि काय सांगत नाही, हे आपण समजून घेऊ या.

प्रथम एक घडलेले उदाहरण पाहू. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत पावसाने हाहाकार उडवला. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. त्याच २४ तासांत कुलाब्याची नोंद होती सुमारे ७३ मि.मी.! या दोन ठिकाणांमधील अंतर फक्त २५ कि.मी.च्या आसपास आहे. शहर एक, दिवस एक, शेजारचा समुद्रही एकच. पण पावसात जवळजवळ तेरा पटींचा फरक.

असे का व्हावे? थोडे गणित करू. समजा, तुमच्या डोक्यावरच्या हवेतील सगळी वाफ, अगदी वरपर्यंतची, पाणी होऊन खाली आली. जमिनीवर किती पाणी साचेल? पावसाळ्यातील कोकणच्या दमट हवेतही ते साधारण ६० ते ७० मि.मी. भरेल. मग ९४४ मि.मी. पाणी आले कोठून? उघड आहे, की तेथील हवा चौदा-पंधरा वेळा पिळून काढावी लागली असती. एकदा पिळलेली हवा पुन्हा पाणी देत नाही. म्हणजे आजूबाजूची आणि समुद्रावरची दमट हवा सारखी त्या जागी ओढली जात होती. तेथे ती वर चढत होती, थंड होत होती आणि आपली वाफ पाण्याच्या रूपाने टाकून देत होती.

वर गेलेली हवा कोठेतरी खालीही उतरते. उतरताना ती दाबली जाऊन तापते आणि तिच्यातील ढग विरतात. म्हणून जोरदार वर्षाव करणाऱ्या ढगाच्या शेजारीच कमी पावसाचा पट्टा असू शकतो. मुसळधार पाऊस असा ठिकठिकाणी कमीजास्त पडतो, तो त्याचा स्वभावच आहे.

आता अंदाज कसा करतात ते पाहू. संगणकात पृथ्वीभोवतालच्या वातावरणाचे चौकोनी तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यातील दाब, तापमान, बाष्प व वारा यांची आकडेवारी भरतात आणि भौतिकीच्या नियमांनी पुढची स्थिती काढतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली, मे २०२५ मध्ये सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ६ कि.मी.चे तुकडे वापरते. पण एखादा गडगडाटी ढग काही कि.मी. रुंदीचाच असतो आणि तासाभरात विरूनही जातो. जाळ्याची वीण विरळ असली की बारीक मासळी निसटते, तसेच हे आहे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. १९६१ साली एडवर्ड लोरेन्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने हवामानाचे गणित संगणकाला पुन्हा घातले. त्या वेळी ०.५०६१२७ ऐवजी त्याने ०.५०६ एवढेच भरले. फरक नगण्य, पण पुढे दोन्ही उत्तरे पार वेगळी झाली! आपली मोजमापे कधीच संपूर्ण अचूक नसतात. म्हणून आज आरंभीचे आकडे किंचित बदलून तेच गणित अनेकदा करतात. शंभरांपैकी सत्तर उत्तरांत पाऊस आला, तर पावसाची शक्यता साधारण सत्तर टक्के समजावी.

हे ध्यानात घेतले की अंदाजाची भाषा उलगडते. हवामानखात्याने महाराष्ट्र व गोव्याचे चार उपविभाग मानले आहेत: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. अंदाजातील ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातील फार तर पाव भाग केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि ‘बहुतेक ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक केंद्रांवर. २४ तासांत ६४.५ मि.मी. किंवा अधिक पाऊस झाला तर तो मुसळधार. तेव्हा ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असे सांगितले असता चारांपैकी तीन केंद्रांवर तसा पाऊस झाला नाही, तरी अंदाज बरोबरच ठरतो.

जिल्ह्यांच्या इशाऱ्यांना रंगही असतात. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, आणि तांबडा म्हणजे कृती करा. घटनेची शक्यता आणि तिच्यामुळे होणारे नुकसान या दोहोंचा विचार करून रंग ठरतो.

घटना जवळ येते तसे चित्र स्पष्ट होते. डॉप्लर रडार ढगातील पाऊस आणि वाऱ्याचा वेग पाहू शकते; त्यावरून पुढील दोन-तीन तासांचा अंदाज बांधता येतो. भारतातील पहिले असे रडार २००२ साली चेन्नईला बसले. २००५ मध्ये मुंबईत ते नव्हते. आज कुलाबा व वेरावली येथे आहे. म्हणून अंदाज एकदा वाचून थांबू नका. आदल्या दिवशी विभागाचा वाचा आणि बाहेर पडण्यापूर्वी ताजा पाहा.

आता एक प्रयोग. सरळ बाजूंचे आणि सपाट तळाचे एकसारखे आठ डबे मिळवा. गावाच्या वेगवेगळ्या भागांत राहणाऱ्या आठ विद्यार्थ्यांनी ते झाडे व भिंतींपासून दूर, उघड्यावर ठेवावेत. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची उंची मोजावी आणि डबा रिकामा करावा. एक मि.मी. उंची म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. वहीत आठही आकडे आणि त्या दिवशीचा अंदाज शेजारी शेजारी लिहा. महिन्याच्या शेवटी शिक्षकांनी वर्गात विचारावे: सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी पावसात फरक किती? एकाच डब्यावरून निकाल दिला असता तर काय ठरले असते?

एखादे दिवशी छत्री उगाच वाहिली, तर नुकसान थोडे. पण इशारा असताना भरल्या ओढ्यात पाऊल टाकले, तर ते परत घेता येईलच असे नाही.