तार पांढरी पडते तेव्हा

विडी वळणाऱ्या आईच्या मांडीशी बसून जो लहानाचा मोठा झाला, त्याने धुराविषयी उपदेश करावा यात काहींना विनोद वाटेल. परंतु ज्याला ठेच लागली त्यानेच वाटेतला दगड दाखवावा हा न्याय मान्य असेल, तर माझी ही कैफियत ऐकून घेण्यास हरकत नसावी. नवेगाव बांध हे माझे गाव. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत आम्ही स्वतःस भंडाऱ्याचे म्हणवीत असू, आणि धानाच्या बांध्या, तलाव व तेंदूपत्ता या तीन गोष्टींच्या आधाराने त्या मुलखातील गरिबाचे वर्ष सरत असे. उन्हाळ्यात जंगलातून पाने येत, सत्तर-सत्तर पानांचे पुडे फळीवर मोजून दिले जात, आणि पुढे त्याच पानांची विडी होऊन ती घरोघरच्या सुपांतून बाहेर पडे. पहिली विडी मी पंधराव्या वर्षी ओढली. शेवटची ओढण्यास मला आणखी तीस वर्षे लागली.

उपजीविकेसाठी मी विजेचे काम शिकलो. उमेदवारीच्या काळात शेगडीची जळालेली स्प्रिंग बदलणे हे माझे नित्यकर्म होते. नवी तार खोबणीत बसवावी, वीज सोडावी, ती सर्वत्र सारखी लालबुंद होते की एखादाच वेढा अधिक तापतो हे पाहावे, आणि दोष दिसल्यास वेढे थोडे सरकवून पुन्हा तापवावे, अशी त्या कामाची रीत. ती तार निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची, म्हणजे नायक्रोमची असे, आणि लाल होणे हा तिचा दोष नसून तिच्या प्रकृतीस्वास्थ्याची खूण होय, हे ज्ञान माझ्या बोटांत इतके मुरले की ते केवळ एका धातूपुरते खरे आहे, याचा मला कालांतराने पूर्ण विसर पडला. माझ्या सर्व अपराधाचे मूळ या विसरात आहे.

पुढे नोकरीनिमित्त मी इंग्लंडात बर्मिंगहॅमला गेलो. तेथे विडीची जागा सिगारेटने घेतली, आणि सिगारेट सुटावी म्हणून २०१५ च्या सुमारास मी विजेवर चालणारे ते यंत्र घेतले, ज्याला तिकडे व्हेप म्हणतात. त्याची रचना आपल्या देवघरातील निरांजनाहून फार निराळी नाही. कापसाची वात ग्लिसरीन, प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि निकोटीन यांच्या द्रावात भिजलेली असते. वातीभोवती तारेची कॉइल असते. बटण दाबताच बॅटरीची वीज कॉइल तापविते आणि द्रावाची वाफ होते. कॉइल स्वतः वळण्याची मुभा देणारी यंत्रे मिळतात हे कळल्यावर जुन्या कारागिराचे हात शिवशिवले नसते तरच नवल! काही महिने कँथल नावाची तार वापरून मी निर्वेध कॉइली वळल्या, आणि नंतर कोणाच्या तरी शिफारशीवरून टायटॅनियमची एक गुंडाळी विकत आणली.

एका थंडीच्या रात्री स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून मी त्या तारेचे सात-आठ वेढे घातले, ती स्क्रूंखाली पक्की केली, आणि वात घालण्यापूर्वी, तीस वर्षांच्या रिवाजाप्रमाणे, ती सारखी तापते की नाही हे पाहण्यासाठी यंत्र वॅटच्या मोजणीवर ठेवून बटण दाबून धरले. तार प्रथम सोनेरी झाली, मग जांभळी, मग मोरपिशी निळी. तो रंगांचा खेळ पाहून मी सावध व्हावयाचे ते मोहित झालो. त्यानंतर ती लाल झाली, आणि पाहता पाहता एका वेढ्यातून डोळे दिपविणारा शुभ्र प्रकाश फुटला. बटण सोडले तरी तो ठिपका विझेना. तेव्हा, चुलीपुढे बसून विस्तवाशी व्यवहार करण्याची ज्याला बाळपणापासून सवय, त्याने जे केले असते तेच मी केले: फुंकर घातली. ठिपका अधिकच उजळला, आणि पिठासारखी पांढरी भुकटी उडून थेट माझ्या चेहऱ्यावर आली. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आले, आणि कॉइल आपोआप विझली.

येथवर जे घडले ते अज्ञान म्हणून क्षम्य ठरेल. पुढचे मात्र निव्वळ कवडीचुंबकपणा होता. तुटके वेढे काढून टाकून उरलेल्या पाच वेढ्यांत मी वात ओवली आणि तीच पांढुरकी कॉइल जवळजवळ आठवडाभर वापरली. घशात खरखर सुरू झाली, वाफेला मातकट चव येऊ लागली, आणि एके दिवशी वात बदलताना बोटांना पांढरी पूड लागली, तेव्हा कोठे हे श्वासावाटे आत जात असेल ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली.

धातूधातूंतील भेद मी नंतर वाचून समजून घेतला. नायक्रोम तापला की त्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचे, आणि कँथल तापला की ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे पातळ, चिवट कवच चढते; ते आतील धातूस चिकटून राहते व हवेला आत शिरू देत नाही. टायटॅनियमवरही थंडपणी असेच उत्तम कवच असते, म्हणून तर समुद्राचे पाणी किंवा शरीरातील द्रव त्यास बाधत नाहीत आणि शल्यचिकित्सक त्याचे खिळे हाडांत निःशंकपणे बसवितात. परंतु सुमारे सहाशे अंश सेल्सियसच्या पुढे तेच कवच जाड होऊन पापुद्र्यासारखे सुटू लागते, प्राणवायू धातूच्या अंगात मुरून त्यास ठिसूळ करतो, आणि तार बारीक असेल तर ती पेटूही शकते. वास्तविक हा धातू १६६८ अंशांस वितळतो. पण वितळण्याचा आकडा मोठा म्हणून तापविण्याचे भय नाही, हा तर्क फसवा आहे. सुटणारी पांढरी पूड म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत जे इल्मेनाईट सापडते, त्यासारख्या खनिजांपासून हेच द्रव्य तयार होते, आणि भिंतीच्या रंगास शुभ्रता देते. भिंतीवर ते निरुपद्रवी आहे. परंतु श्वासावाटे जाणाऱ्या त्याच्या धुळीविषयी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने, उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे, ती माणसास कर्करोगकारक असण्याचा संभव आहे असा निर्वाळा २००६ साली दिलेला आहे.

मग असा धातू लोक वापरतात तरी का? त्याच्या एका गुणासाठी. टायटॅनियम तापला की विजेला होणारा त्याचा रोध ठरावीक प्रमाणात वाढतो, अंशागणिक सुमारे ०.३५ टक्के. वीस अंशांस ०.४० ओहम असलेली कॉइल २२० अंशांस ०.६८ ओहम होते. नायक्रोमचा रोध मात्र जवळजवळ स्थिर राहतो. म्हणून टायटॅनियम असता यंत्र रोध मोजून तापमान ओळखू शकते व ठरविलेल्या मर्यादेवर वीज तोडू शकते; वात कोरडी पडली तरी ती करपत नाही. हीच त्याची 'तापमान-नियंत्रण' नावाची सोय. टायटॅनियमला वॅटच्या मोजणीवर चालविणे म्हणजे ज्या पहारेकऱ्यासाठी त्याला ठेवले, त्यालाच रजा देणे.

परंतु पहारेकऱ्याचाही हिशेब चुकू शकतो. आमच्या कोलू पाटलांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तलावात पाणी मोजण्याचा खांब रोवला आणि त्यावरील शून्याची खूणच चुकली, तर पुढचे सारे आकडे खोटे ठरतील, तशीच ही गोष्ट आहे. समजा, वर सांगितलेली ०.४० ओहमची कॉइल थोडी कोमट असतानाच यंत्राने तिचा थंड रोध म्हणून ०.४६ हा आकडा नोंदवून घेतला. आता २२० अंशांची मर्यादा घातली तरी तार प्रत्यक्षात २९० अंशांच्या पुढे जाईल, आणि ग्लिसरीन सुमारे २९० अंशांस उकळून विघटित होऊ लागते व त्यातून ॲक्रोलीन हा घसा जाळणारा वायू निघतो. मुद्दाम तापविण्याचीही गरज नाही: विदर्भाच्या किंवा आखाताच्या पंचेचाळीस अंशांच्या दुपारी यंत्र जर वीस अंशांचे हवामान गृहीत धरीत असेल, तर मर्यादा त्रेचाळीस अंशांनी ओलांडली जाईल. आणि यंत्रात टायटॅनियमऐवजी निकेलची खूण निवडली, तर निकेलचा रोध अधिक झपाट्याने वाढत असल्यामुळे २२० चे ३६० होतील. पडद्यावर मात्र तिन्ही वेळी २२० हाच आकडा शांतपणे झळकत राहील.

म्हणून ज्या देशांत कायद्याची मुभा आहे अशा देशांत राहणाऱ्या, आणि हे कर्म करणारच अशा माझ्या आप्तांस मी पुढील ताकीद देऊन ठेवली आहे. तार शुद्ध टायटॅनियमची व खात्रीच्या ठिकाणची घ्यावी. वेढे गुळगुळीत दांडीवर सारख्या अंतराने घालावे आणि ते सारखे आहेत की नाहीत हे डोळ्यांनी पाहावे, तापवून नव्हे. स्क्रू घट्ट आवळावे, कारण सैल जोडणीचा रोध हिशेबात मिसळतो. कॉइल व यंत्र दोन्ही खोलीच्या तापमानास आल्यावरच थंड रोध नोंदवून तो कुलूपबंद करावा. टायटॅनियमची खूण निवडून मर्यादा २०० ते २२० अंशांत ठेवावी. भिजलेल्या वातीवाचून बटण कधीही दाबू नये; मळ जाळून कॉइल साफ करण्याची कँथलची रीत येथे सर्वथा वर्ज्य समजावी, आणि मळलेली कॉइल टाकून द्यावी. सोनेरी वा निळी झाक ही पातळ कवचाची खूण असते. पांढरा किंवा राखाडी पापुद्रा दिसला, अथवा तार एकदाही लाल झाली, तर तिचा मोह क्षणभरही धरू नये. पेटलीच तर वीज तोडावी आणि कोरडी वाळू टाकावी. पाणी ओतू नये, आणि फुंकर तर मुळीच घालू नये.

स्वदेशी राहणाऱ्यांस मात्र मला याहून थोडक्यात सांगावयाचे आहे. १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षी संमत झालेल्या अधिनियमाने आपल्या देशात या यंत्रांचे उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठा व जाहिरात यांस मनाई आहे. आणि साठ्याव्यतिरिक्तच्या पहिल्याच अपराधास एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यापूर्वीच, २०१८ साली, मी गावी परतलो होतो व यंत्र तिकडेच टाकून आलो होतो. परतल्यावर आईला सारी हकीगत सांगितली. आयुष्यभर तंबाखूच्या धुळीत बसलेल्या त्या बाईने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "विडी सोडलास, मंग हे कायले धरलास, बापू?" धातूचा दोष काढण्यात मी इतका गुंतलो होतो की या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. तार निर्दोष झाली म्हणून वाफ निर्दोष होत नाही. वातीत निकोटीन राहतेच, आणि त्याची ओढ कोणत्याही रोधाने मोजली जात नाही. ती ओढ तोडण्यास मला पुढे दीड वर्ष लागले, आणि त्या कामी कारागिरीचा काडीमात्र उपयोग झाला नाही.

ती जळकी कॉइल मात्र मी एका काचेच्या कुपीत घालून बरोबर आणली. गावातील एखादा तरुण मोबाइलवर काहीबाही पाहून तारेची चौकशी करीत दारी येतो, तेव्हा मी वाद घालीत बसत नाही. कुपी उघडतो, कॉइल त्याच्या तळहातावर ठेवतो आणि हलकेच वाकवून पाहा म्हणतो. ती वाकत नाही. खडूसारखी मोडते आणि त्याच्या बोटांवर पांढरी पूड राहते. बहुतेक जण ती पूड विजारीला पुसतात आणि पुढचे काही न विचारता उठतात. आणली तेव्हा तिचे पाच वेढे होते. आता दोन उरले आहेत.