परदेशात कामाचा लॅपटॉप हरवला तर

कोकणातील, विशेषतः रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतील अनेक मुस्लिम कुटुंबांचा चरितार्थ आखाती देशांतील कमाईवर चालत आला आहे. पूर्वी तेथे जाणाऱ्या कारागिराच्या हाती हत्यारांची पेटी असे. आता हिशेबनीस, स्टोअरकीपर आणि फर्निचर किंवा एसीच्या कामावरील फोरमन यांच्याही हाती मालकाचा लॅपटॉप असतो. तो टॅक्सीत राहिला किंवा उभ्या गाडीतून चोरीला गेला, तर काय करावे, याचा विचार येथे सौदी अरेबियाचे उदाहरण घेऊन करू.

हरवले काय?

यंत्राची किंमत दुकानात विचारली की कळते. आतील मालाची किंमत तशी कळत नाही. त्यात ग्राहकांचे फोन व पत्ते, कामगारांच्या इकाम्याच्या प्रती, कोटेशनचे दर आणि टॅलीमधील हिशेब असतो. यंत्र मालकाचे, तर माहिती ग्राहकांची. आपल्याकडे दोन्ही अमानत म्हणून आलेल्या असतात. म्हणून यंत्र शोधण्याबरोबरच, किंबहुना त्याच्याही आधी, माहिती वाचवावी.

पहिल्या तासातील कामे

१) मालकाला किंवा वरिष्ठाला फोन करावा आणि लगेच तेच लिहून पाठवावे. केव्हा व कोठे हरवला, आत काय होते, पासवर्ड होता की नाही, हे सर्व त्यात असावे.

२) मोबाईलवरून ई-मेलचा पासवर्ड बदलावा व सर्व यंत्रांवरून 'साइन आउट' करावे. व्हॉट्सअॅपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून तो लॅपटॉप काढून टाकावा. ब्राउझरमध्ये साठवलेले बँकेचे व इतर पासवर्डही बदलावेत.

३) टॅक्सी अॅपवरून बोलावली असेल तर प्रवासाच्या नोंदीतून चालकाशी संपर्क साधता येतो. विमानतळ किंवा मॉल असेल तर तेथील हरवलेल्या वस्तूंच्या कक्षात नोंद करावी.

४) 'फाइंड माय डिव्हाइस' किंवा अॅपलचे 'फाइंड माय' आधीपासून चालू असेल तर यंत्राचा ठावठिकाणा दिसू शकतो व ते दुरून बंदही करता येते. ठिकाण दिसले तरी तेथे स्वतः जाऊ नये. ती माहिती पोलिसांना द्यावी.

५) पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. तक्रारीत लॅपटॉपचा सिरीयल नंबर लिहावा. त्याच बॅगेत पासपोर्ट असेल तर रियाधमधील भारतीय दूतावासात किंवा जेद्दाहमधील वाणिज्य दूतावासात ही प्रत लागते.

लपवण्यात तोटा

नोकरी जाईल या भीतीने काही जण दोन-चार दिवस गप्प बसतात. येथेच खरे नुकसान होते. सौदी अरेबियाचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १४ सप्टेंबर २०२३ पासून अमलात आहे. माहिती बाहेर जाऊन कोणाचे नुकसान होण्याची शक्यता असेल, तर ही बाब कळल्यापासून ७२ तासांत मालकाला सरकारी प्राधिकरणाला कळवावे लागते. आपण गप्प राहिलो तर मालकही अडचणीत येतो आणि आपल्या साध्या विसराळूपणावर लबाडीचा संशय येतो. वस्तू हरवल्यास ती पुन्हा घेता येते, पण गेलेला विश्वास पगारातून भरून देता येत नाही.

पगार किती कापता येतो?

'पूर्ण किंमत या महिन्यातच कापून घेऊ,' असे कोणी म्हटले तर घाबरू नये. सौदी अरेबियाच्या २००५ च्या कामगार कायद्यातील ९१ वे कलम येथे लागू होते. कामगाराच्या चुकीने किंवा सूचना मोडल्याने त्याच्या ताब्यातील मालकाची यंत्रसामग्री हरवली किंवा बिघडली, तर मालक भरपाई कापू शकतो, मात्र महिन्याला पाच दिवसांच्या पगाराहून अधिक नाही. नुकसान तिसऱ्या माणसाच्या कृत्याने किंवा अटळ आपत्तीने झाले असेल तर हे कलम लागू होत नाही. म्हणजे लॅपटॉप टॅक्सीत विसरणे वेगळे आणि तो कोणी हिसकावून नेणे वेगळे. हा फरक दाखवण्यासाठी पोलिसांच्या तक्रारीची प्रत मोलाची ठरते.

ठरवलेली रक्कम मान्य नसेल तर कामगाराला दाद मागता येते. त्याची मुदत मालकाने कळवल्यापासून १५ कामाचे दिवस आहे. ती चुकली की हक्क जातो. म्हणून न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नये. अरबी येत नसेल तर विश्वासू माणसाकडून कागद आधी समजून घ्यावा.

आधीची तयारी

लॅपटॉप ताब्यात घेताना मॉडेल, सिरीयल नंबर व यंत्राची स्थिती लिहिलेली पावती करावी. सिरीयल नंबरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा. विंडोजमध्ये 'बिटलॉकर' चालू असेल तर चोराला आतील मजकूर सहजी वाचता येत नाही. त्याची रिकव्हरी-की मात्र लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नये. हिशेबाच्या तीन प्रती दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात व त्यांपैकी एक दुसऱ्या जागी असावी. पासपोर्ट व लॅपटॉप एकाच बॅगेत ठेवू नयेत. विमानप्रवासात लॅपटॉप आपल्याजवळच ठेवावा, चेक-इन सामानात देऊ नये.

आपल्या गावी ज्यांच्या दुकानात किंवा कारखान्यात नोकर लॅपटॉप वापरतात, त्या व्यापारी बंधूंनीही हीच पावती व हीच शिस्त ठेवावी. हरवल्याचे लगेच सांगणाऱ्या नोकराला आधी शिव्या मिळाल्या, तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. नुकसानीचा हिशेब नंतरही मांडता येतो. पहिला तास मात्र परत मिळत नाही.