ग्रंथनाश आणि स्मरण

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार व मेहकर ही स्थाने सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या परिभ्रमणाने पुनीत झालेली आहेत. लोणार येथे यादवराजा कान्हरदेव स्वामींच्या भेटीस आला; मेहकरीही अनेक लीळा घडल्या. हे सर्व आज कळते ते लीळाचरित्रामुळे. परंतु म्हाइंभटांनी स्वहस्ते लिहिलेली पोथी आज अस्तित्वात नाही. मग आपल्या हाती आहे ते काय, असा प्रश्न जिज्ञासूच्या मनात उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

शके ११९६ मध्ये स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. तदनंतर ऋद्धिपुरी श्रीनागदेवाचार्यांच्या सान्निध्यात म्हाइंभटांनी लीळा संकलित करण्यास आरंभ केला. ज्याने जी लीळा पाहिली वा ऐकली, त्याच्यापाशी जाऊन त्यांनी ती विचारून घेतली आणि आचार्यांकडून पारखून घेतली. ग्रंथाचा पाया असा साक्षीवर घातला गेला.

पुढे इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी झाली. त्यानंतरच्या सुमारे वीस वर्षांत वारंवार स्वाऱ्या होऊन यादवांचे राज्य लयास गेले. या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली, असे परंपरा सांगते. त्या वेळी हिराइसा यांना ग्रंथ मुखोद्गत होता. त्यांच्या व इतर महंतांच्या स्मरणातून तो पुन्हा लिहिला गेला.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. पुनर्लेखन करणाऱ्यांनी सर्वांचे स्मरण एकच होते असा आव आणला नाही. जेथे एकाचे स्मरण दुसऱ्याच्या स्मरणाहून भिन्न होते, तेथे ‘शोधू’ किंवा ‘वासना’ अशी खूण करून, ज्याचा पाठ त्याच्या नावाने तो नोंदविला. येथे वासना म्हणजे ज्याच्या त्याच्या स्मरणातील पाठ. वरवर पाहणाऱ्यास हे पाठभेद ग्रंथाचे वैगुण्य वाटतील. वस्तुतः तेच त्याच्या प्रामाण्याचे गमक आहे. हरवलेल्या जागी कल्पनेने भर घालणे सोपे होते. तो मोह त्यांनी आवरला.

युद्धात ग्रंथ जळणे ही केवळ जुन्या काळची कथा नव्हे. इ. स. १९९२ च्या ऑगस्टमध्ये बोस्नियातील साराजेवो येथील राष्ट्रीय ग्रंथालय तोफांच्या माऱ्याने पेटले आणि लक्षावधी ग्रंथ भस्मसात झाले. ज्या ग्रंथाची दुसरी प्रत कोठेच नाही आणि जो कोणाच्या कंठीही नाही, तो अशा वेळी कायमचा जातो. एकाच भांडारात ठेवलेले धन एकाच अग्नीने नाहीसे होते. अनेक कंठी व अनेक हाती विभागलेले धन सहसा समूळ नाहीसे होत नाही.

पूर्वजांनी पुढे हेच धोरण राखले. मुनिव्यासांनी स्थाने पाहून स्थानपोथी सिद्ध केली, त्यामुळे लीळांची स्थळे सांगणारा एक स्वतंत्र साक्षीदार निर्माण झाला. पोथ्यांच्या प्रती मठोमठी लिहिल्या गेल्या. त्यांपैकी कित्येक सकळ लिपीत होत्या. ती लिपी न जाणणाऱ्यास त्या वाचता येत नसत. मात्र या गुप्ततेस दुसरी बाजूही आहे. लिपी जाणणारा उरला नाही, तर अग्नीवाचूनही पोथी मुकी होते. इ. स. १९३६ पासून ह. ना. नेने यांनी लीळाचरित्राचे भाग छापून प्रसिद्ध केले, तेव्हा हा ग्रंथ सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचू लागला.

सारांश, पोथी वाचते ती केवळ पेटीत ठेवल्याने नव्हे. तिची प्रत करणारा हात, तिची लिपी जाणणारा डोळा, ती स्मरणारा कंठ आणि ‘येथे मला निश्चय नाही’ असे सांगणारी सत्यनिष्ठा, या चारही गोष्टी लागतात. ज्यांच्या घरी वा मठात जुन्या पोथ्या आहेत, त्यांनी यांपैकी आपल्यापाशी किती आहेत, हे एकदा तपासून पाहावे.