घरून काम करणाऱ्यांचे दुखणे

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. सोमवारची सकाळ, मुलुंड पूर्वेचा माझा दवाखाना नेहमीसारखा भरलेला. चौतीस वर्षांचा एक तरुण आत आला. संगणकाच्या कंपनीत नोकरी, पगार चांगला, काम जवळजवळ सगळे घरून. ऑफिसात जाणे महिन्यातून एकदा. तक्रारी तीन : मान आखडते, जेवल्यावर छातीत जळजळते आणि रात्री दोन वाजेपर्यंत झोप येत नाही. रक्तदाब १३८/८८ भरला. वजन चार वर्षांत अकरा किलोंनी वाढलेले. गोळ्या लिहायला मी पेन उचलले, तेवढ्यात तो खाली मान घालून म्हणाला, “डॉक्टर, खरं सांगू? कामच नकोसं झालंय. पूर्वी मी असा नव्हतो. आळशी झालोय बहुतेक.”

जिल्ह्याच्या पेपरात मुंबईच्या दवाखान्याची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण हा मुलगा मूळचा कोकणातला, आईवडील अजून गावीच आहेत. वाचकहो, तुमच्यापैकीही अनेकांची मुले, सुना, जावई अंधेरी, बोरिवली, घाटकोपरच्या दोन खोल्यांत बसून असेच काम करत असतील. काही तर लॅपटॉप घेऊन गावच्या घरी माडीवर बसलेले असतील. तेव्हा हे दुखणे आता तुमच्या उंबऱ्याच्या आत आले आहे.

‘आळस’ हे निदान मी सहसा लिहीत नाही. थकवा आणि काम नकोसे वाटणे यामागे मंदावलेले थायरॉइड असू शकते, रक्त कमी असू शकते, मधुमेह असू शकतो. शाकाहारी मंडळींत तर बी-१२ ची कमतरता फार वेळा सापडते. म्हणून आधी रक्त, मग मन, असा माझा क्रम. त्याच्या तपासण्यांत ड जीवनसत्त्व कमी निघाले, बाकी सारे ठीक. मग मी त्याला पुन्हा बोलावले आणि दिवसभराचा हिशेब विचारला.

दहा वाजता ऑफिसची मीटिंग, म्हणून नऊ पन्नासला उठणे. तोंडात ब्रश असतानाच लॅपटॉप चालू. बसायची जागा म्हणजे पलंग, कारण टेबलावर मुलीचा अभ्यास. जेवण त्याच पलंगावर, ताट मांडीवर. रात्री साडेनऊला अमेरिकेतल्या मंडळींशी बोलणे, ते अकरा वाजता संपले की तिथेच आडवे होऊन मोबाइल. “शेवटचा घराबाहेर कधी पडलास?” त्याने बोटे मोजली. “गुरुवारी. दूध आणायला.”

या मुलाला मी बारा वर्षे ओळखतो. तो फोर्टातल्या ऑफिसात जायचा तेव्हा सव्वाआठची गाडी ठरलेली. मुंबईच्या लोकलचे गोडवे मी गाणार नाही. त्या गर्दीने दिलेली कंबरदुखी आणि चिडचिड मी तीस वर्षे तपासत आलो आहे. पण ही गाडी माणसाकडून न सांगता चार कामे करून घेत होती. ठरावीक वेळी उठवत होती, अंघोळ करून कपडे घालायला लावत होती, पुलाचे जिने चढवत होती, आणि संध्याकाळी काम कुठे तरी थांबवायला भाग पाडत होती. साहेबाचा राग आणि घराचे दार यांच्यामध्ये तासाभराचा प्रवास असे. बराचसा राग ठाण्याच्या अलीकडेच विरून जाई.

२२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून ही गाडी प्रवाशांना बंद झाली. मधले काही महिने मर्यादित वेळेत मुभा मिळाली, पुन्हा गेली, आणि दोन डोस घेतलेल्या सर्वसामान्य प्रवाशांना १५ ऑगस्ट २०२१ पासून परत गाडीत चढता आले. तोवर कित्येक ऑफिसे घरात शिरली होती. त्यांतली काही पूर्ण परत गेली, काही अर्धी, काही गेलीच नाहीत. गाडी गेली तेव्हा प्रवास वाचला याचा सगळ्यांना आनंद झाला. पण तिच्याबरोबर दिवसाची सुरुवात आणि शेवटही गेला, हे ध्यानात यायला वर्ष-दोन वर्षे लागली.

आता घरी बसून काम करणे ही काही संगणकवाल्यांनी काढलेली नवी गोष्ट नव्हे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचे ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’. उपनगरात मालाडला शाखा काढण्याचा १९६१ मधला पहिला प्रयत्न फसला होता. आज देशभर चाळीस हजारांहून अधिक भगिनी त्यात आहेत. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पण डॉक्टर म्हणून मला त्यांच्या कामाची रीत अधिक मोलाची वाटते. बाई सकाळी शाखेत जाते, कालचे पापड देते, ते तपासले जातात, लाटण्याची मजुरी मिळते, आणि मळलेले पीठ वजन करून घेऊन ती घरी येते. घरात लाटायला आणि वाळवायला स्वच्छ जागा असावी लागते. ती नसेल तर शाखेतले दुसरे काम दिले जाते. म्हणजे काम घरचे असले तरी बाहेर जाणे आहे, मोजलेले पीठ आहे, त्याची ठरलेली जागा आहे आणि केलेले काम पाहणारे माणूस आहे. पीठ संपले की दिवसाचे काम संपले.

अशाच एका गृहउद्योगाचे पापड लाटणाऱ्या एक काकू माझ्या पेशंट आहेत. वय साठीच्या पुढे, रक्तदाबाची गोळी चालू. मी एकदा विचारले, “काकू, रोज तेच तेच लाटून कंटाळा येत नाही?” त्या म्हणाल्या, “येतो की. पण सकाळी बाहेर पडलं, चार बायका भेटल्या, पीठ हातात आलं, की मग कसला कंटाळा? पीठ काय थांबतंय होय?”

मानसोपचाराच्या पुस्तकात हेच जरा जड शब्दांत लिहिलेले असते. आपला समज असा की आधी हुरूप यावा आणि मग काम सुरू करावे. पुष्कळदा घडते उलटे. माणूस उठतो, हालचाल करतो, ठरलेले काम हाती घेतो आणि मग हुरूप येतो. उदासीनतेच्या रुग्णांना आम्ही याच तत्त्वाने छोटी-छोटी ठरलेली कामे करायला सांगतो. जो मुलगा नऊ पन्नासला पलंगावर डोळे चोळत मीटिंगला बसतो, त्याला हुरूप येणार कुठून? त्याचा स्वभाव बिघडलेला नाही. त्याच्या दिवसाला काठ उरलेले नाहीत.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर पापडाचे कौतुक करून मी मोकळा झालो असे होईल. उपनगरांतल्या चाळी आणि झोपड्यांतून कितीतरी बायका घरी बसून खोट्या दागिन्यांचे मणी ओवतात, तयार कपड्यांचे धागे कापतात. मजुरी नगावर. कंत्राटदाराचा माणूस पोते टाकून जातो आणि ‘उद्या पाहिजे’ म्हणतो. त्या कामाला माप नाही, वेळ नाही, सोबत नाही. या बायकाही मान, डोळे आणि झोप यांचीच तक्रार घेऊन येतात. एका बाजूला लाखाचा लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला मण्यांचे पोते. दुखणे मात्र एकच.

आणि हा डॉक्टर तरी कुठे शहाणा? मार्च २०२० मध्ये फोनवरून औषधोपचार करण्याचे नियम सरकारने जाहीर केले आणि मीही घरून पेशंट पाहू लागलो. पहिला महिना बरे वाटले. मग जेवताना फोन, अंघोळीहून आलो की फोन, रात्री साडेअकराला कोणाच्या तरी रिपोर्टचा फोटो. सहा महिन्यांनी माझाच रक्तदाब वाढलेला निघाला. आमच्या सौ. म्हणाल्या, “पूर्वी तुम्ही रात्री नऊला दवाखान्याचं शटर ओढायचात. आता घराला शटर नाही.” त्या दिवसापासून नऊनंतर फोन दुसऱ्या खोलीत, तातडीच्या कामासाठी घरचा जुना फोन. दोन-चार पेशंट रागावले. त्यांतले बहुतेक परत आले.

कामाचे तास वाढत जाणे ही गंमत नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळला. घरी बसून हे तास मोजायचे राहून जातात, कारण घड्याळ पाहून उठायचे कारणच नसते.

तर मी त्या मुलाला काय सांगितले? पहिली गोष्ट, ‘गाडी पकडायची’. रोज एकाच वेळी उठायचे, अंघोळ, कपडे, आणि कामाला बसण्यापूर्वी वीस-पंचवीस मिनिटे घराबाहेर चालून यायचे. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचे घड्याळ लागते आणि रात्रीची झोप वेळेवर येते. झोपेच्या गोळीपेक्षा हा उपाय मला जास्त भरवशाचा वाटतो. मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालावे, तेही यातच होऊन जाते. संध्याकाळी काम संपले की लॅपटॉप पिशवीत घालून कपाटात ठेवायचा आणि पुन्हा एक फेरी. हीच परतीची गाडी.

दुसरी, पीठ मोजून घ्यायचे. सकाळी एका चिठ्ठीवर आजची तीन कामे लिहायची. तीन झाली की दिवस सार्थकी. दहा लिहिलीत तर संध्याकाळी सात उरतात आणि माणूस स्वतःला नालायक समजू लागतो. शक्य तर ऑफिसातल्या एखाद्या सहकाऱ्याला ती सकाळी सांगावीत आणि संध्याकाळी कळवावीत. पाहणारे कोणी असले की हात चालतो.

पलंगावर काम मात्र मुळीच नाही. मांडीवर लॅपटॉप घेऊन मान वाकते ती वाकतेच. घर लहान असेल तर भिंतीला लावलेले घडीचे टेबल पुरते. लॅपटॉपखाली जाडजूड पुस्तके ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणायची, टायपिंगची पट्टी वेगळी घ्यायची, कोपर काटकोनात, पाय जमिनीला टेकलेले. टेकत नसतील तर खाली पाट. अर्ध्या तासाने उठायचे. पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता तांब्या स्वयंपाकघरात ठेवा, म्हणजे उठणे होतेच. डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० फुटांवरची वस्तू २० सेकंद पाहावी. चिवड्याचा डबा हाताशी नको. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी बंद. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवले तर जळजळीची निम्मी औषधे सुटतात.

रात्रीच्या मीटिंगा टळत नसतील तर निदान त्या दिवशी सकाळ उशिरा सुरू करण्याची परवानगी मागावी. मागायला लाज वाटते, असे तो म्हणाला. नोकरी जाईल का? नाही. मग मागून पाहा.

आता घरच्यांसाठी दोन शब्द, विशेषतः गावाकडच्या आईवडिलांसाठी. ‘घरीच तर असतोस’ हे वाक्य कृपा करून बोलू नका. घरी असलेला मुलगा मोकळा नसतो. आणि सून घरून काम करत असेल तर तिची अवस्था त्याहून बिकट. मीटिंग चालू असताना कुकरची शिट्टी तिनेच मोजायची, दाराची बेल तिनेच ऐकायची, आणि पाहुणे आले की चहाही तिनेच टाकायचा. माझ्याकडे येणाऱ्या अशा कितीतरी मुली ‘डोकं दुखतं’ एवढेच सांगतात. कामाच्या वेळेत त्यांच्या खोलीचे दार लोटून घ्या. दळण संध्याकाळी आणता येते.

एक गोष्ट मात्र या साऱ्यापेक्षा गंभीर आहे. काम नकोसे वाटणे वेगळे आणि काहीच नकोसे वाटणे वेगळे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास आहे, आवडीच्या गोष्टीतही रस नाही, भूक-झोप बिघडली, सतत अपराधी वाटते, अशी लक्षणे असतील तर तो उदासीनतेचा आजार असू शकतो. त्याला टेबल-खुर्ची आणि फिरणे पुरत नाही. डॉक्टर हवा, औषधही लागू शकते, आणि ते काम करते. मी त्या मुलालाही सरळ विचारले, “जगणं नको, असा विचार येतो का कधी?” असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट माणूस मोकळा होतो. तो म्हणाला, “नाही डॉक्टर, तिथवर नाही.” ज्यांचे उत्तर ‘हो’ असेल त्यांना एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते, मराठीतही बोलता येते.

पाच आठवड्यांनी तो परत आला. रक्तदाब १२८/८२. झोप बाराच्या सुमारास लागते. मान अजून दुखते, कारण टेबल घ्यायचे राहिले आहे. मुलीची परीक्षा संपली की घेतो म्हणाला. सकाळी स्टेशनपर्यंत चालत जातो, बाहेरच्या स्टॉलवरून पेपर घेतो आणि परत येतो. जुने गाडीचे दोघे मित्र तिथे भेटतात. रात्रीच्या मीटिंगा पाचांवरून दोनांवर आल्या. साहेबाने एका शब्दात होकार दिला होता.

त्या दिवशी पापडवाल्या काकूही रक्तदाब पाहायला आल्या होत्या. रांग मोठी होती आणि त्यांना पापड द्यायला जायची घाई. त्या मुलाने आपला नंबर त्यांना दिला.